बस्त्याव मेस्ताची रिकामी चौकट

बस्त्याव मेस्त कोणाच्याही घरी गेला की आधी त्या घरातलं सामान खाली काढायचा. चहापाणी नंतर. त्याने केलेलं कपाट, टेबल, फळी, जे काही त्या घरात असेल त्याच्याकडे तो चपला काढून सरळ चालत जायचा. वरची फुलदाणी, आजोबांचा फोटो, नातवाला मिळालेली ढाल, औषधांच्या बाटल्या, सगळं एकेक करून जमिनीवर मांडायचा. मग थोडा मागे सरून, कमरेवर हात ठेवून, मोकळ्या लाकडाकडे बघत राहायचा. घरातली माणसं अवघडून उभी. कोणी काही विचारलंच तर म्हणायचा, "बसा, बसा. मी तुमच्याकडे नाय इलंय. ह्येच्याकडे इलंय."

तो सुतार होता. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. आमच्या कट्टा गावच्या बाजारातून आत वळलं की त्याचं घर, आणि घराच्या पडवीत त्याचा कारखाना. उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल. ही पेन्सिल रविवारी चर्चमध्येसुद्धा कानामागेच असे. बाप आणि आजा यांच्यापासून चालत आलेलं काम म्हणजे ख्रिस्ती घरांसाठी आल्तार आणि हिंदू घरांसाठी देव्हारे. दोन्हींसाठी लाकूड एकच, फणसाचं. "देव खंयचोय असांदे," तो म्हणायचा, "वाळवी सगळ्यांका सारकीच लागता." दोन्हींसाठी हातही एकच असल्यामुळे आमच्या भागातल्या पुष्कळ देव्हाऱ्यांना चर्चच्या खिडकीसारखी कमान आहे, आणि काही आल्तारांच्या डोक्यावर कमळ आहे. या गोष्टीवर कोणाचा आक्षेप नव्हता, कारण ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

आणि तेच त्याचं दुःख होतं. "आल्तार केलो तर लोक सायबिणीक बघतत," तो मेरी मातेच्या मूर्तीबद्दल बोलायचा. "देवारो केलो तर देवाक बघतत. पाळणो केलो तर पोराक बघतत. कपाट केला तर आत काय आसा तां बघतत. मगे बस्त्यावाच्या कामाक बघता कोण?"

यावर आतून त्याच्या बायकोचा, रोजीबायचा, आवाज यायचा. "मी बघतंय मां रोज! म्हणान सांगतंय, बघण्यासारख्या कायच नाय."

"तू काम नाय बघणस, माका बघतंस."

"तांच सांगतंय!"

रोजीबायला लाकडात रस नव्हता. तिच्या मते लाकडाचे दोनच प्रकार, चुलीत जळणारं आणि न जळणारं. बस्त्यावाने लग्नाच्या वेळी स्वतः कोरून दिलेल्या पेटीवर ती इतकी वर्षं पिठाचा डबा ठेवत आली होती.

विनय हा गुण बस्त्यावाच्या अंगाला कधी लागला नाही. आपल्यासारखा मेस्त गोव्यापर्यंत नाही, असं तो सांगायचा, आणि गोव्याच्या पुढे काय आहे याची चौकशी करण्याची त्याला गरज वाटत नसे. एकदा सणाच्या दिवशी चर्चमधल्या बायकांनी आल्तार फुलांनी मढवला, तर हा मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुरू होण्याआधी जाऊन खांबांवरचे हार उतरवू लागला. पाद्रींनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "बस्त्याव, हे देवाचं घर आहे." बस्त्याव म्हणाला, "व्हय फादर, घर देवाचा. पण खांब माझे आसत." पाद्री समजूतदार होते. त्यांनी एका खांबावरचे हार काढू दिले. त्या दिवशीच्या मिसमध्ये अर्धा आल्तार मुंडावळ्या बांधलेला आणि अर्धा लग्न मोडल्यासारखा दिसत होता.

आमचं पुस्तकांचं कपाट करायचं ठरलं, तेव्हा तो पुस्तकं बघायला आला. वाचायला नव्हे, बघायला. एकेक हातात घेऊन त्याने तोललं. शब्दकोश उचलून म्हणाला, "ह्यो एकटोच खाली बसतलो." शेजारी कवितासंग्रहांचा ढीग होता. तो एका तळहातावर पेलून त्याने पुन्हा शब्दकोशाकडे पाहिलं. "ही सगळी मिळान ह्येच्या येवडी भरणत नाय." मराठी कवितेवरची बरीच चर्चासत्रं मी बसून काढली आहेत. इतक्या थोडक्यात कोणी बोलल्याचं आठवत नाही.

कपाट सुरेख झालं होतं. पिवळंधमक फणसाचं लाकूड, एक खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. बायकोने पहिलं पुस्तक उचललं तसा बस्त्यावाने हात आडवा केला. "वैनीनू, थोडे दीस तरी असांच ऱ्हवांदे." ठेवलं तसंच. पुस्तकं जमिनीवर, कपाट रिकामं. येणारा प्रत्येक जण पुस्तकं खाली का, असं विचारायचा. कपाटाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. रोज संध्याकाळी बस्त्याव यायचा आणि दारातूनच विचारायचा, "कोण काय बोललो?" माझी बायको दयाळू. ती काहीतरी रचून सांगायची. एकदा म्हणाली, पोस्टमन किती वेळ उभा राहून बघत होता. "पोस्टमनाक लाकडातला काय कळता!" बस्त्याव म्हणाला, पण जाताना तो शीळ घालत गेला.

अशा माणसाच्या आयुष्यात डॉक्टर आले.

डॉक्टर मूळचे इकडचेच, पण अर्धं आयुष्य इंग्लंडात काढलेलं. निवृत्त होऊन त्यांनी कट्ट्याबाहेर उतारावर बंगला बांधला. बायको सुनंदाबाई वालावलच्या. इंग्लंडात इतकी वर्षं राहूनही त्यांच्या मालवणीवर एक ओरखडा उमटला नव्हता. डॉक्टरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना दिवाणखान्यात शेकोटी हवी होती. तिकडच्या घरांत भिंतीत असते तशी, भोवती कोरीव लाकडी चौकट, आणि दोन्ही अंगांना पुस्तकांच्या फळ्या. आता, सिंधुदुर्गात शेकोटीची गरज किती हे काही सांगायला नको. आमच्याकडे नाताळातही पंखा चालू असतो. थंडी येते ती कोकण रेल्वेने येते आणि नांदगावला उतरते, पुढे समुद्राकडे येत नाही. पण माणसाच्या मनात एकदा बंगला आला की त्यापुढे हवामानाचं चालत नाही.

डॉक्टरांनी बस्त्यावाला बोलावलं तेव्हा मीही तिथे होतो. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. बस्त्यावाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला.

"हयसर आग पेटवतले?"

"छे! इथे कसली आग? उकाड्याने जीव जातोय."

"मगे धुराडां?"

"नाही. भिंतीत नुसता कोनाडा, त्याला ही चौकट."

"मगे आत काय ठेवतले?"

"काही नाही."

बस्त्यावाने फोन खाली केला. "कायच नाय?"

"काही नाही हो. शोभेसाठी असते ती. लोक येतात, बघतात."

"काय बघतत?"

"काय म्हणजे? चौकटच बघणार. दुसरं आहे काय तिथे बघायला?"

बस्त्यावाने फोन डॉक्टरांच्या हातात परत दिला. जन्मभर त्याने काही ना काही धरून ठेवणारी लाकडं केली होती. आता एक शहाणासुरता माणूस त्याला सांगत होता की असं एक काम कर, ज्याच्यात देव नाही, पोर नाही, पुस्तक नाही, भांडं नाही, फक्त लाकूड बघायचं. "डाक्टरानू," शेवटी तो म्हणाला, "मगे सबद देवा. आत कायच ठेवूचा नाय. कधीच." डॉक्टरांनी इंग्रजी पद्धतीने हस्तांदोलन करून शब्द दिला. सुनंदाबाई चहाचे कप आवरत होत्या. त्यांनी कोनाड्याच्या जागेकडे एक मोजणारी नजर टाकली आणि कप घेऊन आत गेल्या. मी तिथेच ओळखायला हवं होतं.

त्या पावसाळ्यापूर्वी बस्त्यावाने दुसरं काम घेतलं नाही. दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याने उरकून टाकल्या. त्यांच्यात पुस्तकं बसणार, तेव्हा त्या काय, कशाही चालतील. जीव ओतला तो चौकटीत. डॉक्टरांच्या फोटोत वरच्या आडव्या तुळईवर सिंह होते आणि मधोमध एक कलश होता. सिंहाकडे बोट दाखवून बस्त्यावाने विचारलं, "ह्यो तुमच्यात कोण?" डॉक्टरांना नातं सांगता आलं नाही, म्हणून सिंह गेले. त्याजागी बस्त्यावाने सुरंगीचा वळेसर कोरला. सुरंगी म्हणजे आमच्याकडचं ते पिवळं, बारीक, घर भरून टाकणारं फूल, आणि वळेसर म्हणजे त्याचा गजरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत कळी, फूल, कळी, फूल, आणि एकही फूल दुसऱ्यासारखं नाही. रोजीबाय रोज त्याच्यापुढे जेवणाचं ताट आदळून जायची. "सगळ्या गावाक सुरंगी घातलंस. माका कधी एक वळेसर हाडलंस?" तो मान वर न करता म्हणायचा, "बघ तरी, गो, कशी झाली ती." ती म्हणायची, "माका चूल बघूची आसा."

चौकट बसली त्या संध्याकाळी डॉक्टरांनी निवडक मंडळींना चहाला बोलावलं. त्यांनी उभं राहून थोडं भाषणही केलं. जागेला पंखा असूनही ऊब कशी येते, याबद्दल. मंडळींनी चौकट पाहिली आणि तोंडं उघडली. मला वाटलं, आता बस्त्यावाचं भाग्य उजळलं.

"टीव्ही बरोबर बसेल हो इथे," हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणाले.

"टीव्ही कशाला? फ्रीज!"

"चपलांसाठी बरां आसा."

बस्त्याव भिंतीला टेकून उभा होता. रिकामी जागा दिसली की माणसाला काहीच दिसत नाही, फक्त ती भरायची कशी एवढंच दिसतं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं असावं.

पुढे तेच झालं. डॉक्टर शब्दाचे पक्के होते, पण घर सुनंदाबाई चालवत होत्या. पहिल्यांदा तिथे पितळी समई आली. बस्त्यावाने येऊन ती बाहेर काढली. मग इन्व्हर्टर आला. तो त्याने एकट्याने ओढून जिन्याखाली नेला आणि कंबर धरून आठवडाभर पडून राहिला. मांजर व्यायली तीही तिथेच. पिल्लांना मात्र डोळे उघडेपर्यंत मुदत मिळाली. पावसाने जोर धरला तसा सुनंदाबाईंनी कोनाड्यात मोठा बल्ब लावला, दोरी बांधली आणि ओले कपडे वाळत घातले. एका अर्थी शेकोटीचा शेकोटी म्हणून उपयोग झाला तो तेवढाच. बस्त्याव आला तो दारातच थबकला.

"वैनीनू, ह्या काय?"

"कपडे, मेस्तानू. ह्या पावसात तुमचे कपडे खंय सुकतत तां सांगा, मी थयसर नेवन घालतंय."

"डाक्टरांनी सबद दिल्यानी हा."

"तेनी दिल्यानी मां? मगे तेंचे कपडे काढतंय. माझे ऱ्हवांदेत."

आणि खरोखरच त्यांनी डॉक्टरांच्या विजारी तेवढ्या काढल्या. सुरंगीच्या वळेसराखाली सुनंदाबाईंच्या साड्या लोंबत राहिल्या. बस्त्याव त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला. आमच्या कपाटातलं एकही पुस्तक त्याने खाली काढलं नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

चतुर्थी जवळ आली. डॉक्टरांच्या घराण्याचा गणपती मूळ घरी, डॉक्टरांच्या भावाकडे बसायचा. भावाने त्या वर्षी घर मोडून बांधायला काढलेलं, म्हणून गणपती डॉक्टरांकडे यायचा ठरला. बसवायचा कुठे, याचा विचार सुनंदाबाईंना क्षणभरही करावा लागला नाही. त्या स्वतः बस्त्यावाच्या पडवीत आल्या. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

"मेस्तानू, गणपती चौकटीत बसवतंय. तुमका सांगूक इलंय."

बस्त्यावाच्या हातातला रंधा थांबला. "वैनीनू, कपडे आसते तर काढलंय असतंय. इन्व्हर्टर आसतो तर काढलंय असतंय. देवाक कसो काढू?"

"कोणी सांगल्यान काढूक?" रोजीबाय दारात आली. "मेल्या, देव येता तुझ्या लाकडात बसूक, आणि तू रडतंस?"

"तो बसलो काय परत सगळी तेकाच बघतली."

"मगे काय तुका बघतली?"

सुनंदाबाई हसल्या नाहीत. "विसर्जनाक येवा मात्र," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

गणपती बसला. मूर्ती देखणी होती, आणि खरं सांगायचं तर त्या चौकटीत अशी शोभत होती की जणू तिच्यासाठीच ती केली होती. वर लाकडी माटवी टांगली, तिला नारळ, रानातली कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. सुरंगीचा वळेसर त्यांच्यामागे पार दिसेनासा झाला. गाव लोटलं. बाया म्हणाल्या, मूर्ती किती साजरी. भजनी मंडळी म्हणाली, डोळे किती बोलके. डॉक्टर कोणालातरी ही शेकोटी आहे असं सांगू गेले, तर त्या माणसाने त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

बस्त्याव आला तो विसर्जनाच्या दिवशी. आत शिरला नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, एका खुर्चीवर, दिवाणखाना दिसेल असा बसून राहिला. रोजीबाय आत जाऊन बायकांत मिसळली, मोदक खाऊन आली. हा तिथेच. गणपती उठला, वाजतगाजत व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, निघाला. माटवीवरची फळंपानंही उतरवून बरोबर घेतली. बस्त्याव जागचा हलला नाही. मिरवणूक जाऊन व्हाळात मूर्ती बुडवून परत आली, तरी तो तसाच.

आता आमच्याकडे रीत अशी की विसर्जनाहून परतताना व्हाळातली मूठभर वाळू पाटावर घालून आणायची, पाट पुन्हा मूर्तीच्याच जागी ठेवायचा, शेजारी समई लावायची आणि त्या रिकाम्या पाटाची आरती करायची. सुनंदाबाईंनी पाट चौकटीत ठेवला, समई लावली. आम्ही सगळे ओल्या अंगाने समोर उभे राहिलो. आरती सुरू झाली.

मूर्ती असली की आरतीत डोळ्यांना काम असतं. त्या दिवशी समोर मूठभर वाळू होती. वाळूकडे किती वेळ बघणार? मी पाहिलं, माणसांच्या नजरा पाटावरून उठल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या. समईच्या उजेडात त्या खांबांवरून वर चढल्या, तुळईला पोहोचल्या, आणि सुरंगीच्या एका टोकाला लागून हळूहळू दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागल्या. टाळांचा ठेका ढिला पडला. आरती संपली तरी कोणी प्रसादाकडे वळलं नाही.

"काय रे," भजनीबुवा म्हणाले, "ही सुरंगी कोणी कोरली?"

एका बाईंनी पुढे होऊन चक्क वास घेतला. मुख्याध्यापक, ज्यांना तिथे टीव्ही दिसला होता, ते चष्मा पुसून एकेका फुलाखाली थांबत होते.

"मेस्तानू!" सुनंदाबाईंनी खळ्याकडे हाक मारली. "भायर कित्याक बसल्यात? आत येवा. तुमका इचारतत."

बस्त्याव आला. लोकांनी वाट दिली. मला वाटलं, आता गोव्यापर्यंत आपल्यासारखा मेस्त नाही, हे भाषण सुरू होणार. ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. त्या दिवशी तो त्याचा हक्क होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कानामागे ठेवली.

"फणसाचा आसा," तो म्हणाला. एवढंच.

परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. मग म्हणाला, "मास्तरानू, गणपती गेलो, तुमका वायट वाटला?"

"वाटला तर."

"माकाय वाटला." थोडं चालून पुन्हा, "पण तो गेलो म्हणानच माझा दिसला मां?"

मी म्हटलं, तो आला नसता तर बघायला कोणी उभंच राहिलं नसतं.

यावर त्याने विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टरांकडे गेला आणि सुनंदाबाईंना सांगून आला की भावाचं घर बांधून झालं तरी गणपती इथेच ठेवा. "येवक होयो," म्हणाला, "आणि जावक होयो." देवाच्या येण्याजाण्याची इतकी सोयीस्कर मांडणी मी दुसऱ्या कोणत्या धर्मात ऐकलेली नाही. भावाने मोठ्या मनाने मान्य केलं. त्यानंतर कोनाड्यात कपडे दिसले तरी बस्त्याव काही बोलत नसे. त्याला विसर्जनाचा दिवस पुरायचा. त्या दिवशी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सर्वांत आधी हजर असायचा आणि मूर्ती कधी उठते याची इतक्या उघडपणे वाट बघायचा की पाहुणे बिचकायचे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. दुपारी जेवून पडवीत आडवा झाला तो उठलाच नाही. चर्चमध्ये त्याच्याच खांबांच्या मधोमध त्याची शवपेटी ठेवली होती, आणि रोजीबाय रडतारडता मला म्हणाली, "पेटयेचा काम बघलास? बरा झाला, ह्येका डोळे मिटून आत घातलो."

चतुर्थीला गणपती नेहमीसारखा आला, नेहमीसारखा गेला. पाट चौकटीत ठेवला, समई लागली, आरती झाली. प्रसाद वाटायच्या वेळी रोजीबाय पुढे आली. इतकी वर्षं ती बायकांत मागे बसायची, मोदक खायची आणि घरी जायची. ती चौकटीसमोर उभी राहिली आणि मान वर करून बघू लागली.

"काय गो, रोजीबाय?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"धूळ बसली हा," ती म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, वर चढली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. कळी पुसायची, थांबायची, नीट बघायची, मग पुढचं फूल. घाई नव्हती. डॉक्टर स्टूल धरून उभे राहिले. आम्ही बाकीचे प्रसादाला हात पुढे केलेले तसेच थांबलो होतो, आणि ती अजून अर्ध्यावरही आली नव्हती.